मिरजेला गेले होते म्हणे

ता. २९ जून १९३७, मंगळवार

आज पण कोणी आलं नाही.

ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. समोरून धोंडाबाई गेली, पदर नाकाला लावून. आमच्या दारासमोर आलं की सगळ्या बायकांचे पदर नाकाला जातात, आणि ओढा ओलांडला की खाली येतात! मला क्षय झाला होता ना. मिरजेला छातीच्या दवाखान्यात होते ना मी!

मिरज मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. मी येरवड्याला होते, वेड्यांच्या इस्पितळात. घरात हे ठाऊक आहे ते यांना, आत्याबाईंना म्हणजे माझ्या सासूबाईंना, आणि परंदवडीला दिलेल्या शालूवन्संना. वन्संच्या सासरी मात्र मिरजच ठाऊक.

हौसा झाली आणि माझं बिनसलं. झोप उडाली. पोर रडली की वाटायचं, ही माझी नव्हेच, कोणीतरी बदलून ठेवली आहे. तिला उचलायला भ्यायचे. चुलीशी बोलत बसायचे म्हणे. तिथले डॉक्टर म्हणाले, "बाळंतिणीला होतं असं. पुष्कळ जणींना होतं." पुष्कळ जणींना! मग आमच्या गावातल्या त्या पुष्कळ जणी गेल्या कुठं?

ता. २ जुलै

यांना पुन्हा विचारलं, हौसाला कधी आणायचं? परंदवडीला वन्संकडे आहे ती, मी आजारी पडले तेव्हापासून. चालते, बोलते म्हणे आता. मी ऐकलेलं नाही तिचं बोलणं.

हे म्हणाले, "शालूची सासू न्हाई म्हनती. क्षय अंगाला चिकटतो म्हनं."

मी म्हटलं, "मग सांगा की खरं!"

आत्याबाई चुलीपुढून फणकारल्या. "क्षयवालीची पोर खपंल ग. येडीच्या लेकीला कोन करून घ्यायचं? जरा पोरीचा इचार कर."

खोटं सांगितलं म्हणून पोर मिळत नाही. खरं सांगितलं तर पोरीचं नशीब फुटतं. अशी गंमत आहे.

ता. ३ जुलै

अण्णांची, माझ्या वडिलांची आठवण आली. तळेगावच्या शाळेत मास्तर होते, मला सहावीपर्यंत शिकवलं. आज असते तर त्यांना पत्र लिहिलं असतं. आता या पानाला लिहिते, पण ते उत्तर देत नाही.

ता. ५ जुलै, सोमवार

आत्याबाईंचं मला कळत नाही. माझं बिघडलं तेव्हा हे म्हणाले होते, हिला वरच्या खोलीत घालू, कडी लावू. आत्याबाई दारात आडव्या झाल्या. "माज्या घरात बाईमानसाला कडी लावायची न्हाई!" त्यांनीच गाडी जुंपायला लावली, त्यांनीच मला पुण्याला धाडलं. आजही त्या खोलीच्या दाराला कडी नाही, नुसती भोकं आहेत. त्या खोलीत त्या पाऊलही टाकत नाहीत, कांदे आणायलासुद्धा मलाच पाठवतात.

आणि त्याच बाई आता माझं तोंड दाबून बसल्या आहेत.

ता. ८ जुलै, गुरुवार

आज सावडीला गेले, धोंडाबाईच्या खाचरात भात लावायला. सावडीला घरटी एक बाई गेलीच पाहिजे, नाहीतर आपल्या लावणीला कोणी येत नाही. आत्याबाईंचा गुडघा सुजलेला, तेव्हा मीच.

ओळीत उभी राहिले. दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी! माझ्या पुढ्यात रोपांची मूठ टाकायची तीसुद्धा लांबून, कुत्र्याला तुकडा टाकावा तशी. न्याहारीच्या वेळी भाकरी पळसाच्या पानावर, पाणी वरून ओंजळीत. सगळ्या घोळक्यात बसून खिदळत होत्या. मी एकटी बांधाच्या टोकाला बसून खाल्लं. येरवड्याला निदान पंगतीला बसायचे.

घरी आले तर हे परंदवडीहून परतलेले. वन्संना मूल नाही. त्यांच्या सासूनं ठरवलं आहे, नागपंचमीला ओटी भरून हौसाला कायमची आपली करून घ्यायची. "आई काय जगती का मरती," म्हणाली म्हणे ती.

"तुम्ही काय म्हणालात?"

हे बैलांना वैरण टाकायला गेले.

मी जगते आहे! ठणठणीत जगते आहे मी!

ता. ९ जुलै

सांगून टाकलं.

धोंडाबाईचं खाचर मोठं, आज दुसरा दिवस. कालपासून चिखलात उभी, सर्दी झालेली. खोकल्याची उबळ आली. झालं! ओळ फुटली. सरुबाई तर चिखलात बसलीच. धोंडाबाई म्हणाली, "मुक्ते, तू बांधावर बस बाई. आमाला लेकरंबाळं हायत."

लेकरंबाळं! मला काय धोंडे आहेत?

मी तिथंच म्हटलं, मोठ्यानं. "मला क्षय नव्हता. मिरज मी बघितलेली नाही. बाळंतपणात माझं डोकं फिरलं होतं. येरवड्याला होते, वेड्यांच्या इस्पितळात. आता बरी आहे. आणि हा खोकला तुझ्याच खाचरातल्या पाण्याचा आहे, धोंडाबाई!"

कोणी हसलं नाही. निदान हसायचं तरी! सरुबाई एवढंच म्हणाली, "अगं बया." मग सगळ्या पुन्हा वाकल्या, रोपं लावू लागल्या. मीही वाकले. दोन्ही बाजूंची जागा तशीच मोकळी होती. रडू आलं, पण पाऊस होता, कोणाला दिसलं नसेल.

घरी बातमी माझ्याआधी पोचलेली. आत्याबाई म्हणाल्या, "पोरीचं वाटुळं केलंस." मग जेवल्याच नाहीत.

ता. १० जुलै

पाणवठ्यावर गेले. सगळ्यांनी घागरी उचलल्या आणि निघाल्या. आता नाकाला पदर नव्हता, एवढाच फरक.

ता. ११ जुलै

आत्याबाई बोलत नाहीत. हे बोलत नाहीत. चुलीशी बोलावंसं वाटलं. नाही बोलले.

ता. १३ जुलै, मंगळवार

दुपारी मागच्या दारी कोणीतरी उभं होतं. बघते तर धोंडाबाई! आत ये म्हटलं तर येईना. इरलं पांघरून तशीच उंबऱ्याशी. बराच वेळ पावसाबद्दल बोलली. मग हळूच, "तितं मारत्यात का गं?"

"कुठं?"

"येरवड्याला."

"मला नाही मारलं कोणी," म्हटलं.

मग बाई जी रडायला लागली! तिचा भाऊ कोंडाजी. गाव समजतं तो मुंबईला गिरणीत आहे. तो तिच्या मागच्या पडवीत आहे, पायाला दोर बांधून. देवऋषी झाले, अंगारे झाले. "लय गुनाचा हुता गं. आता भिताडाकडं तोंड करून बसतो. त्याला बी बरं वाटंल का?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टर कसे बोलतात, काय देतात, पहिले दिवस किती वाईट जातात, तेही. खोटा धीर दिला नाही. जाताना तिनं माझा हात धरला. किती दिवसांनी बाहेरच्या कोणी शिवलं मला.

ता. १४ जुलै

आज सरुबाई. तीही मागच्या दारानं. तिची बहीण म्हणे "आळंदीला देवाच्या सेवेत" आहे.

मिरज, मुंबई, आळंदी – आमच्या गावची माणसं किती लांब लांब गेलेली आहेत!

सरुबाईला म्हटलं, पुढच्या वेळी पुढच्या दारानं ये. ती "व्हय व्हय" म्हणाली आणि मागच्याच दारानं गेली.

ता. १७ जुलै, शनिवार

आज आमची लावणी. सावड फेडायला कोणी आलंच नाही तर? हे दोनदा बांधावर जाऊन रस्ता बघून आले. लंगडत आत्याबाईही आल्या, काठी टेकत.

पहिली धोंडाबाई आली. बरोबर कोंडाजी! दाढी वाढलेली, डोळे मिचकावतो आहे उजेडाला. गावाच्या मधल्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत, हाताला धरून आणला तिनं. मागून सरुबाई, मग बाकीच्या. काही जणी आल्या नाहीत, तेही लिहून ठेवते. पण आल्या त्या ओळीत माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. कोंडाजी बांधावर बसला, कोणी सांगितलं की रोपांची मूठ उचलून द्यायचा. एकदा मला दिली.

हे धोंडाबाईच्या नवऱ्याला म्हणाले, "सोमवारी गाडी जुंपू. मी येतो संगं." हे! यांनी म्हटलं!

आत्याबाई दिवसभर कोंडाजीच्या पायाकडं बघत होत्या. घोट्याला दोराचे काळे वळ आहेत.

ता. १८ जुलै

सकाळी उठले तर आत्याबाई घरात नाहीत. काठीही नाही. तो सुजलेला गुडघा घेऊन कुठं गेल्या असतील?

ता. १९ जुलै, सोमवार

परंदवडीच्या बैलगाडीतून आत्याबाई आल्या. मांडीवर हौसा.

"विहीनबाईस्नी समदं सांगितलं," म्हणाल्या. "तुझं बी, आन् माझं बी. माझा महिपती झाला तवा मला वरल्या खोलीत कडी लावून ठिवली हुती, म्हनलं. माझा ल्योक येडीचाच ल्योक हाय, मिळालीच की त्याला बायकू. आन् शालू, तुमची सून, ती बी त्याच येडीची लेक!"

हौसा मला बघून रडायला लागली. रडू दे. माझीच आहे ती.