कामोणीच्या बाटलीवरची आई

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेलं खोकं पोचलं. तुझ्या दाजींनी उघडलं, एक बाटली उचलून लेबल वाचलं आणि माझ्या हातात दिली. 'आईचा कामोणी काढा. कावीळ मुळापासून बरी.' वर आईचा फोटो, माझ्या लग्नातला. तिच्या शेजारी मी उभी होते, मला तू कापून टाकलंस. त्याचा मला राग नाही. राग आहे तो त्या खालच्या ओळीचा, आणि तो काही केल्या गिळवत नाही. फोन केला की तू 'ताई, नंतर बोलू' म्हणून सटकतोस, शिवाय आई इथे माझ्याकडेच, घरातून बोलावं तर ती कान देऊन असते. म्हणून लिहितेय.

कामोणी काय असते ते मला शिकवायला जाऊ नकोस. आपल्या मागच्या दारी, नळाचं पाणी साचायचं तिथे ती न लावता उगवायची. तोंड आलं की आई तिचा पाला चावायला द्यायची, खोकला झाला की पिकली फळं मधातून. वाटी घेऊन झाडाशी बसायची आणि मिरीएवढी काळीभोर फळं तेवढी खुडायची. घोसात एक जरी हिरवं दिसलं तरी अख्खा घोस फेकून द्यायची, कारण हिरवं फळ विषारी. तू एकदा तिची नजर चुकवून हिरवी खाल्लीस आणि दिवसभर ओकत होतास, आठवतं का? मागे मी तुला विचारलं होतं की तुझ्या कारखान्यात फळं निवडतं कोण. तू म्हणालास, निवडत बसलो तर धंदा कधी करू, मशीन सगळं एकत्रच पिळतं. धन्य आहे तुझी.

आणि कावीळ! 'लहानपणी मला कावीळ झाली, आईने कामोणीने उतरवली,' असं तू जगाला सांगत सुटला आहेस. अरे, तू दवाखान्यात होतास. बाबा तिथल्या लाकडी बाकावर अंगाची घडी करून झोपायचे, आई तुझ्या सलाईनकडे बघत बसायची. बरा होऊन घरी आलास तेव्हा तुझ्या तोंडाला चव नव्हती, घास पुढे केला की तोंड फिरवायचास. म्हणून आईने पिकली कामोणी दिली, भूक लागावी म्हणून. तू सुया विसरलास आणि गोड फळं तेवढी लक्षात ठेवलीस. पोर होतास, चालायचंच. आता डोक्यावर पांढरे केस आलेत, निदान लेबल छापण्याआधी आईला तरी विचारायचं होतंस.

इथल्या डॉक्टरीणबाईंना मी मुद्दाम जाऊन विचारलं. त्यांनी झाडाला नावं ठेवली नाहीत. उंदरांवरच्या काही प्रयोगांत यकृताला फायदा दिसलाय म्हणाल्या, पण माणसांची कावीळ त्याने बरी होते असं कुणी सिद्ध केलेलं नाही. कावीळ कशानेही होते, पित्ताच्या वाटेत खडा अडकला तरी होते, आणि तो खडा काढा पिऊन हलत नाही. त्यात माणूस काढ्यावर विसंबून घरी बसला तर हातचा वेळ जातो. त्या हे शांतपणे सांगत होत्या आणि मला तुझ्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या.

मी त्यांच्याकडे का गेले ते आता सांगते. आईचे डोळे पिवळे झालेत. जेवण तुटलंय, अंगाला खाज सुटते, बसल्या जागी पेंगते. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या. आई उठायला तयार नाही. आम्ही समजावलं, रागावलो, दाजींनी गाडी दाराशी आणून लावली. ती पलंगाची कड धरून बसून राहिली. मला वाटलं, सुईला घाबरते. मग मी बाटल्या मोरीत ओतायला घेतल्या तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाटलीवर माझं तोंड आहे. मीच कावीळ घेऊन दवाखान्यात दिसले, तर माझ्या पोराचा काढा कोण घेईल?" एक बाटली तिने उशीखाली ठेवली आहे. तुझ्यासाठी पितेय ती, धाकट्या. तिला माहीत आहे की त्याने काही होत नाही, तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. माझं ऐकत नाही, दाजींचं ऐकत नाही, तुझं ऐकेल. दाजी हे पत्र घेऊन तुझ्यासमोर उभे असतील. त्यांना चहापाणी विचारू नकोस, त्यांच्याच गाडीत बस, आणि इथे येऊन तिला तुझ्या तोंडाने सांग की हे औषध खोटं आहे.

वाट बघतेय,
तुझीच
ताई