मांडीवरचा पट्टा

भोसरी, ८ जून २०२५

ती. छबूआत्यास,
तेजस्विनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आणि काळ्या मसाल्याचा डबा, दोन्ही पोचलं. फोनवर तुला नुसतं घुं घुं ऐकू येतं, म्हणून माझ्यासारख्या आळशी मुलीला कागद-पेन घेऊन बसावं लागतं. अंगणवाडी सोडून दोन वर्षं झाली तरी तू माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतेस. या पत्रात दहा सापडतील, हिशेब बरोबर ठेव.

ऑपरेशनला तीन महिने झाले. गुडघा आता वाकतो, पण डावी मांडी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरनं बारीक झाली आहे. बाबांनीच टेप लावून मोजली आणि कंपन्यांच्या युनिफॉर्मची मापं लिहितात त्या वहीत टिपून ठेवली. गिऱ्हाईकाचं नाव: तेजू, कबड्डी.

वीस ऑगस्टला आमच्या चाकणच्या कंपनीच्या संघाची निवड आहे. निवड झाली तर कंत्राट संपून कायम नोकरी. पण तेवढंच नाही ग. मला परत चढाईला जायचं आहे. पाय आत टाकताना छातीत जे होतं ना, ते तीन महिने झालं नाही.

गुडघ्यावर जड वजन चालत नाही, म्हणून निगडीच्या फिजिओथेरपीवाल्या मिनल मॅडम एक गंमत करतात. मांडीच्या मुळाशी रुंद पट्टा बांधतात आणि रक्तदाब बघताना भरतात तशी त्यात हवा भरतात. आत जाणारं रक्त थोडं चालू राहतं, परत येणारं अडतं. मग दोन किलो उचलतानाही मांडीला वाटतं की वीस किलो उचलतेय. आधी तीस वेळा, मग पंधरा पंधरा तीनदा. अशी आग होते की मला तुझ्या मसाल्याची आठवण येते.

आईचा नमस्कार. तुझी माया अशीच राहू दे.
तुझी,
तेजू

बोरखेडा, १७ जून

चि. तेजस्विनीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

चुका चौदा आहेत. ते असो.

तो पट्टा उद्यापासून बांधायचा नाही. मॅडम शिकलेल्या असतील, मी नाही म्हणत नाही. पण रक्त अडवून पाय बरा होतो हे मी जन्मात ऐकलं नाही आणि मला ऐकायचंही नाही. मांडी बारीक तर बारीक. शेंगदाणे खा, अंडी खा. कबड्डी नाही खेळलीस तर जग बुडत नाही.

तू म्हणशील आत्या म्हातारपणी भित्री झाली. झाले. मला कारण विचारू नकोस आणि तुझ्या बापाला तर मुळीच विचारू नकोस. शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे, ती आईला वरच्या फळीवर ठेवू देऊ नकोस.

पट्टा सोडलास एवढंच उलट टपाली कळव. प्रकृतीला जप.
तुझी,
छबूआत्या

भोसरी, २६ जून

ती. छबूआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. कबड्डी नाही खेळले तर जग बुडत नाही, हे तू लिहावंस? मला पहिले बूट तूच घेऊन दिले होतेस.

मॅडम मनाला येईल तसा पट्टा आवळत नाहीत. आधी यंत्रानं नाडीचा आवाज ऐकतात, कितीला रक्त पूर्ण थांबतं ते बघतात आणि त्याच्या बऱ्याच खाली ठेवतात. घड्याळ लावलेलं असतं. त्या खोलीतून पाच पावलंसुद्धा बाहेर जात नाहीत. मांडी अर्ध्या सेंटिमीटरनं भरली, बाबांच्या वहीत नोंद आहे.

अडचण एकच. मॅडम आठवड्यातून दोनदाच बांधतात आणि वीस ऑगस्ट काही थांबत नाही. त्यावर मी घरच्या घरी एक उपाय काढला आहे. तो भेटल्यावर सांगीन, पत्रात लिहिला तर तू चुलीत घालशील.

बाबांना काही विचारलं नाही. पण का विचारायचं नाही, हे कळू दे की. राग धरू नकोस.
तुझी हट्टी,
तेजू

बोरखेडा, ४ जुलै

चि. तेजूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू काही उपाय काढल्याचं वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. म्हणून शेचाळीस वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. वाचून झालं की फाडून टाक.

आम्ही रानात भुईमूग काढत होतो. मी चौदाची, भिमा, म्हणजे तुझा बाप, नऊचा. बांधावर त्याच्या पायाला साप चावला. मोठं माणूस जवळ नव्हतं. मी बैलाचं दावं सोडलं आणि त्याच्या गुडघ्याखाली बांधलं. मग लोक धावत आले आणि जो तो म्हणाला, अजून आवळ, विष वर चढेल. मी पाय रोवून आवळलं. बैलगाडीनं तालुक्याला पोचेपर्यंत दिवस मावळला. भिमा आधी ओरडत होता, मग गप्प झाला. मला वाटलं त्याला बरं वाटायला लागलं.

दवाखान्यात दावं कापलं तेव्हा पाय गेलेला होता. एवढं तुलाही ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही ते हे: डॉक्टर आईला म्हणाले की साप बिनविषारी होता. बांधलं नसतं तर पोरगं आपल्या पायांनी घरी गेलं असतं. मी दाराशी उभी होते.

मला बांधायला सगळ्या गावानं सांगितलं, तेजू. सोडायला कुणीच सांगितलं नाही.

तुझा बाप दर भाऊबीजेला सांगतो, अक्कानं बांधलं म्हणून मी जगलो. तेव्हा माझ्या हातातलं ताट हलतं. त्याला यातलं काही कळता कामा नये. आणि तुझा जो उपाय असेल तो आजच्या आज बंद कर.
आत्या

भोसरी, १३ जुलै

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी आलं. ते तीन दिवस आधी आलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या कंपनीत गाडीचे सीट बेल्ट बनतात. त्याच्या टाकाऊ पट्टीचा एक तुकडा मी घरी आणला होता. रविवारी आई शिफ्टला गेली, बाबा खाली दुकानात. मी पट्टी मांडीला गुंडाळली, लाटणं घालून पिळली आणि गाठ मारली. तीस उठाबशा झाल्या. मग गाठ सुटेना. ती पट्टी ताणली तरी ताणली जात नाही, तेच तर तिचं काम, आणि रोज आठ तास ती हातात धरणाऱ्या मला हे सुचलं नाही. पाऊल आधी जांभळं झालं, मग पांढरं. मग दुखायचं थांबलं. मला बरं वाटलं, आत्या, अगदी तू लिहिलंस तसं.

मी हाक मारली. बाबा जयपूर फूट असूनही जिना कसे चढले मला माहीत नाही. हातात कापड बेतायची कात्री होती. त्यांनी पट्टी कापली आणि खाली बसून माझं पाऊल दोन्ही हातांत धरलं. बोटं गुलाबी होईपर्यंत सोडलं नाही. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी शिरा तपासल्या, सगळं ठीक आहे. मॅडमनी दोन आठवडे पट्टा बंद केला आणि असं झापलं की बाहेर बसलेले पेशंट गप्प झाले. तुझी गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा त्या असंही म्हणाल्या की साप चावल्यावर पाय आवळून बांधू नये हे आता सगळे डॉक्टर सांगतात, तेव्हा मात्र गावोगाव तेच करत. चौदा वर्षांच्या मुलीला दोष देणारे आपण कोण?

तुझं पत्र मी फाडलं नाही. बाबांना दाखवलं. तुझा शब्द मोडला, त्याची काय शिक्षा द्यायची ती दे. त्यांची चिठ्ठी सोबत आहे.
तेजू

अक्कास,
भिमाजीचा नमस्कार.

साप बिनविषारी होता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डॉक्टर आईला सांगत होते तेव्हा मी खाटेवर जागा होतो. परत गावात आलो तर बायका कुजबुजत होत्या, पोरीनं भावाचा पाय घालवला. तू घरातून बाहेर पडेनाशी झालीस. म्हणून मी दिसेल त्याला सांगत सुटलो की अक्कानं मला वाचवलं. लोकांची तोंडं बंद झाली. पुढे मला सांगायची सवय लागली. तुझं ताट हलतं ते मला दिसायचं, मी म्हणायचो मायेनं हलतं. चुकलंच माझं.

त्या रानात आपण दोघंच होतो आणि तू मला टाकून पळाली नाहीस. मला एवढं पुरतं.

तू भाऊबीजेला येतेस, पण नागपंचमीला एकदाही माहेरी आली नाहीस. यंदा ये. मी आदल्या दिवशी न्यायला येतो. पंचमीला कापायचं-चिरायचं नसतं, दुकान बंदच आहे.
भिमा

बोरखेडा, ६ ऑगस्ट

चि. तेजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. एसटीत शेजारच्या बाईला तुझ्या गुडघ्याची सगळी कथा सांगून झाली. पाटावर नाग काढून हळद-कुंकू वाहताना तुझा बाप शेजारी बसून राहिला, त्यामुळे निभावलं. दिंडं मात्र तुझ्या आईनं फार गोड केली होती, तिला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो, त्याचं मला लिहायचं आहे. तिथे तू होतीसच, पण तुझं लक्ष तुझ्या मांडीकडे होतं. पट्ट्यात हवा भरली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. मॅडमनी माझा हात धरून मला पुढे आणलं आणि हवा सोडायची कळ माझ्या बोटाखाली ठेवली. माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "घड्याळ वाजलं की मी खूण करते. सोडायचं काम आज तुमचं."

तू पंधरा मोजत होतीस आणि मी देवाचं नाव घेत होते. खूण झाली. मी कळ दाबली, पट्टा सैल झाला. मग मी तुझ्या पावलाची पाचही बोटं चाचपली, गरम होती. तुझा बाप खुर्चीवरून मोठ्यानं म्हणाला, "बघ अक्का, सोडलंस." त्यानंतर मी किती रडले ते तू कुणाला सांगू नयेस.

वीस ऑगस्टची निवड सोडायचं तू आपणहून मॅडमना सांगितलंस, तेव्हा तुझा उतरलेला चेहरा मला दिसला. पण पुढची निवड जानेवारीत आहे आणि डिसेंबरात पळायला लागशील असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या आहेत. मी निघताना भिमानं वहीत लिहिलं, फरक अडीच सेंटिमीटर. जग बुडत नाही असं मी लिहिलं होतं ते खोडून टाक. तुला खेळायचंच आहे. जानेवारीत मी मैदानावर येणार, ऐकू नाही आलं तरी दिसतं मला अजून.

तोवर मॅडमच्या हाताशिवाय पायाला दोरासुद्धा बांधायचा नाही. तुझ्या मागच्या पत्रात चुका सहाच होत्या.

आहे तशीच हट्टी राहा, आणि मला लिहीत राहा.
तुझी,
छबूआत्या