झबेलताईचं नाक

बॉस्टन, ३ डिसेंबर १९७६

ती. झबेलताईस,
सा. न. वि. वि.

यंदा तिकीट आधीच पाठवतेय, म्हणजे उशिरा मिळालं म्हणायची सोय नको! शनिवार, १८ तारीख, दुपारी दोन. पहिली रांग. नाताळच्या बॅलेत यंदा माझ्या नायरीला मुख्य नाच मिळालाय. वसंतात लग्न करून ती कॅलिफोर्नियाला जाईल, मग नाच बंद. सहा वर्षांची असताना ती याच बॅलेत उंदीर झाली होती, तेव्हापासून सोळा वर्षं मी तुला बोलावतेय. वूस्टर काही चंद्रावर नाही गं.

हागोपदादाला नमस्कार. माझ्यावर लोभ असेल तर तो पत्रात नको, बसमध्ये बसव.

तुझी,
अर्पीने

वूस्टर, ७ डिसेंबर

चि. अर्पीने हिस अनेक आशीर्वाद.

तिकीट पोचलं. दादाला विचारलं, तर म्हणाला की नाताळाआधीचा शनिवार आणि दुकानाची भट्टी सोडून कुठे निघालीस? बाबा जाताना सांगून गेलेत ना, भट्टी झबेलच्या नाकावर चालते. भाजताना पिस्ते कधी उतरवायचे ते वासावरून घरात मलाच कळतं. काल मिसेस डॉयल दुकानातून द्राक्षरसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडाच्या माळा नेताना म्हणाल्या की झबेलचं नाक आहे तोवर आमचा नाताळ आहे. आपला आर्मेनियन नाताळ सहा जानेवारीला, तो झाला की निवांत येईन. नायरीचे पापे घे.

माया पातळ करू नकोस.
झबेल

बॉस्टन, १० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

जळलं मेलं ते नाक! जानेवारीत काय रिकाम्या खुर्च्या बघायला येतेस? राग आला तर येऊ दे, पण विचारते: दादा सोडत नाही, की तुलाच सुटायचं नाही? खरं लिही.

चिडलेली, तरी तुझीच,
अर्पीने

वूस्टर, १४ डिसेंबर

चि. अर्पीनेस आशीर्वाद.

खरं लिहिते, वाचून फाडून टाक. ऑक्टोबरात ताप आला होता ना, त्यात माझा वास गेला. कॉफीचा येत नाही, साबणाचा येत नाही. पहिल्या दिवशी भट्टीसमोर उभी राहिले, तर पिस्त्यांचाही वास नाही. मग रंग बघून, तडतड ऐकून पिस्ते उतरवले. दोन महिने झाले, एक घाणा करपला नाही. दादा चाखतो आणि म्हणतो, नाक असावं तर असं!

म्हणजे हे कुणालाही जमलं असतं गं. सोळा वर्षं मी उगाच उभी राहिले. आणि आता सांगायची हिंमत नाही. ना नवरा, ना पोर. नाकही गेलं म्हटलं तर या घरात मी कोण? फार कोंडल्यासारखं होतं. तिकीट परत पाठवते.

रागावलीस तरी तोडू नकोस.
झबेल

बॉस्टन, १६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिकीट पुन्हा पाठवतेय. शनिवारी पहिल्या बसने मी तिकडे येते, तीच बस परत फिरेल तेव्हा तू इकडे ये. भट्टीपाशी मी उभी राहीन. दादाला सांगीन, नाक घराण्यातच आहे. घाणा करपला तर तुझाच भाव वाढेल! मी काय, सगळ्या तालमी पाहिल्यात.

नायरीला सांगितलं की पहिल्या रांगेत आई नसेल, मावशी असेल. पोरगी म्हणाली की मावशीला लिही, मध्यंतरात दुकान आठवून पळू नकोस, माझा नाच त्यानंतर आहे.

स्टँडवर भेटूच.
अर्पीने