कुवेतचं गवत

१२ जाने. ८६
ह्यांचं सामान आलं. गावातलाच एकजण कुवेतहून रजेवर आलाय, त्याच्या हाती. टेपरेकॉर्डर, दोन साड्या, साबण. आणि खोलीएवढं प्लॅस्टिकचं हिरवं गवत, दोरीने करकचून बांधलेलं, टेपरेकॉर्डर त्याच्याच आत. तिकडे साहेबाच्या बंगल्याभोवती असलंच असतं. हे तेच झाडतात, धुतात, फाटलं की सांधतात. हात लावून बघितलं. बोचतं थोडं.

१५ जाने.
आमच्या दारापुढे अंथरलं. जांभ्याची जमीन खडबडीत, म्हणून खाली वाळू पसरली. ह्यांचे थोरले भाऊ माझ्याशी थेट बोलत नाहीत. जाऊबाईंना सांगतात, पण मला ऐकू जाईल असं.
"सांग तिला, आंगण सारवायचं असतं. हे काय सोंग हांतरलंय?"
मी पण जाऊबाईंनाच म्हटलं, "भावजींना सांगा, अर्धं आंगण आमचं आहे."

९ फेब्रु.
धूळ बसली की पाती आडवी होतात. खराटा उलटा मारला की उभी राहतात. माझं मीच शोधून काढलं.
विहिरीवर जाऊबाई चारचौघींत म्हणाल्या, "हिचा नवरा कुवेतात गवत झाडतो म्हणे." बायका हसल्या.
म्हटलं, "झाडतो. तुमचा इथे काय करतो?"
मग कुणी हसलं नाही.

४ मार्च
गाईने कडेचं गवत चघळलं. तोंडातून हिरवे धागे ओढून काढले. भावजी ओरडले, आणि ते चुकीचं नव्हतं. सुटे धागे सगळे कात्रीने कापले, कडेने जांभ्याचे चिरे लावले. काढायला मात्र तयार नाही. गाय ठीक आहे.

२२ मार्च
माहेरी मालगुंडला गेले होते. परत आले तर गवताच्या मधोमध कोयत्याने चीर. या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"वाट सामायिक आहे," भावजी जाऊबाईंना म्हणाले. जाऊबाई खाली बघत होत्या.
रडले नाही. निदान त्यांच्यासमोर नाही.

२४ मार्च
पुन्हा मालगुंड, वडिलांकडे, सकाळच्या एस्टीने. आबांकडून मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा आणि त्यांची सुई आणली. काय सांधायचंय ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "दुहेरी गाठ मार, ताण येईल तिथे."
परत आल्यापासून अंधार पडेपर्यंत टाके. खालून पट्टी, तिला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन. बोटं सोलली. जाऊबाईंनी चहा आणून ठेवला नि गेल्या.

१७ मे
हे आले! तीन वर्षांनी. केस किती गेलेत. सगळा गाव दारात. आणि हे आंगणाच्या कडेला थबकले, गवताला वळसा घालून, चिऱ्यांवरून पडवीत चढले.
दमले असतील.

१८ मे
आजही वळसा. शेवटी मी विचारलं, तर उलट मलाच म्हणाले,
"हे इथे कशाला हांतरलंस गो?"
"तुम्ही पाठवलंत म्हणून."
"टेपरेकॉर्डर फुटू नये म्हणून गुंडाळलं होतं. टाकाऊ तुकडा. फेकून द्यायचं ना."
चार महिने भावजींशी भांडले ते एका गुंडाळीसाठी?

१९ मे
भावजी खुशीत. दोघे भाऊ मिळून गवत उचलणार होते. मी जाऊन मधोमध बसले.
हे म्हणाले, "ऊठ. घरी आल्यावर पायाखाली माती हवी मला. तिथे रोज गुडघ्यावर बसून हेच धुतो. साहेबाची पोरं लोळतात त्यावर. आम्ही कामाशिवाय पाय ठेवायचा नाही. एकदा दमून टेकलो, तर साहेबाच्या ड्रायव्हरने हात धरून उठवलं."
हे मला कधीच कळवलं नव्हतं.
तरी उठले नाही. म्हटलं, "ते साहेबाचं होतं. हे मी शिवलंय. इथे बसा. कोण उठवतो बघू."
भावजी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलले, "नवऱ्याचं तरी ऐक."
"ऐकलं की. सगळं ऐकलं."
हे विहिरीकडे गेले.

२१ मे
गवत जागेवर आहे. सकाळी हे कडेला उकिडवे बसून टाके बघत होते. मला बघून उठले.
ऊन उतरल्यावर पाणी मारून गार केलं. जेवण बाहेर आणलं, गवतावर. दोन ताटं. बांगड्याचं तिखलं, ह्यांना आवडतं तसं. वहीपण घेऊन बसलेय. भावजी खिडकीतून बघतायत, बघू देत.
हे पडवीच्या पायरीवर उभे आहेत. चपला काढल्यात. खाली उतरत नाहीत, आतही जात नाहीत.
भात निवला तर निवला. मी उठणार नाही.