पडद्यावरच्या विमानाची व्यवस्था

मी, रखमाजी कडूबा रंगारी, वय बावन्न, धंदा फोटो काढणे व पडदे रंगवणे, राहणार कादराबाद, जालना, शुद्धीवर असताना आणि कोणी भरीला न घालता हे लिहून ठेवतो. खोकल्यातून रक्त पडते आहे, तेव्हा लांबण लावीत नाही.

कलम १. घर, दुकान आणि कॅमेरा पत्नी द्वारकाबाई हिचा.

कलम २. धाकटा भाऊ पुंजाराम, तोही रंगारी, यास माझे कुंचले द्यावेत. बाकी काही नाही. मी पडद्यावर रंगवलेल्या विमानाला तो लग्नाचा मांडव म्हणाला होता. खरे बोलला, म्हणूनच झोंबले.

कलम ३. फोटोमागचा विमानाचा पडदा. सन १९३० साली विलायती मासिकातले चित्र पाहून मी विमानाचा आतला भाग रंगवला. वेताच्या खुर्च्या, खिडक्यांना झालरी, फुलदाणी. पानदान आणि राजूरचा गणपती माझ्या पदरचे. पुढे मासिकात गाद्यांच्या खुर्च्या आल्या, तेव्हा मीही वेतावर गाद्या चढवल्या. फोटोला आलेली माणसे चपला बाहेर काढूनच त्या विमानात बसत. माझ्या सगळ्या फोटोंत लोक अनवाणी आहेत. खरे विमान मी आतून कधीच पाहिले नाही.

एकुलता एक मच्छिंद्र त्या पडद्यापुढे वाढला आणि लढाईत हवाई फौजेत गेला. त्याचे एकच पत्र आले. "बाबा, आत खुर्ची न्हाई, झालर न्हाई. उघडे पत्रे अन् लोखंडी फळी. बूट काढले तर बोटं गोठतात. आईला सांगू नका." द्वारकाला अक्षर येत नाही. मी तिला गादीची खुर्ची वाचून दाखवली. मग तार आली, बेपत्ता. दोन वर्षे पत्राचा तोच कागद काढून मी तिला नवी नवी खुशाली वाचतो आहे. पोराला त्या पत्र्यात मीच नेऊन बसवले. हे आता सोसत नाही.

कलम ४. माझ्यामागे हे वाचन पुंजारामाने चालवावे. त्याच्या पाया पडतो.

इथवर साक्षीदारांना वाचून दाखवले, तर द्वारका दारात उभी. म्हणाली, "एवढुसा कागद, अन् तुम्ही अर्धा घंटा वाचून राह्यले. मला काय कळत न्हाई?" मग म्हणाली, "तुम्ही वाचायचे तवर तो खुर्चीत बसलेला दिसायचा. मंग मी कशाला बोलू?"

कलम ४ रद्द समजावे.

कलम ५. पडदा जाळा असे लिहिणार होतो. द्वारका नको म्हणते. त्या खुर्चीत मच्छिंद्रला रंगवून द्या म्हणते, पायात बूट घालून. आजच बसतो. आधी बूट रंगवतो. चेहरा राहिला तर पुंजारामाने पुरा करावा. कुंचले त्यासाठी आहेत.

जालना, माघ शके १८६७, फेब्रुवारी १९४६.

सही: रखमाजी कडूबा रंगारी
साक्षीदार: हुकमचंद शिवनारायण, कापड दुकानदार
साक्षीदार: काकासाहेब रामराव, राहणार मंठा
द्वारकाबाईचा अंगठा. कायद्याला गरज नाही. तिला द्यायचा होता.