विंचचं हँडल माझ्या पिशवीत हाय

दर्शन,

ट्रेलरवरच्या विंचचं हँडल शोधत बसू नको. ते माझ्या पिशवीत हाय नि मी सकाळच्या एसटीने रत्नागिरीला चाललेय, नवी वायर आणायला. आज भरतीला होडी ट्रेलरवर ओढायची नाय. खाडीतच नांगरून ठेव.

काल ग्रीस लावायला वायर उलगडली तर तिचे तीन पदर तुटलेले, माझा अंगठा फाटला. अशी वायर ताणावर तुटली की चाबकासारखी मागे येते, आणि मागे तुझे केरूकाका उभे असतात.

वरचे वेढे तू धुवून ठेवलेस. आतल्या वेढ्यांत तांबडी माती तशीच. आपली होडी पुळणीच्या वाळूवरून वर येते, तिथे तांबडी माती कोणी आणून टाकली? ती चिरेखाणीतली माती. तुझ्या मेव्हण्याची खाण नि तिथे रुतणारा त्याचा टेम्पो मला ठाऊक नाय असं समजू नको. तुझ्या बायकोला, शमिकाला, नुसती हाक मारली, तर "मला काय माहीत नाय हां आई" म्हणाली. मी अजून काय विचारलंच नव्हतं.

आणि परवा तू मोटरवाला मोठा विंच घेऊया म्हणालास. आपली होडी कधीपासून जड झाली रे?

दुकानदार पहिलं विचारणार, ओढायचं वजन किती? होडीचं मी सांगेन. टेम्पोचं तू दहाच्या आत फोन करून सांग, म्हणजे त्या मापाची वायर घेते. लाज वाटत असेल तर बायकोला करायला लाव, तिला पाठ असेल.

आई