वलांडीवरची तिची रांग

आये, तुझा लेक येऊन गेला. बारा वर्षांनी. कॅनडातून बायको आणि पोरगी घेऊन आला, आणि उतरला कुठे, तर बोईसरच्या हॉटेलात. घरात पोरीला डास चावतील म्हणे. मी तेव्हापासूनच धुमसत होते. तू गेलीस तेव्हा हा फोनवर रडला, शेवटची आंघोळ तुला मी घातली.

पोरगी तेरा वर्षांची. नाक तुझं. मराठी मोडकी, पण बोलायला लाजत नाही. सकाळी मी किनाऱ्यावर वलांडीच्या बांबूंना ताणलेल्या दोरीवर बोंबील सुकत घालतेय, तर ही चपला काढून शेजारी उभी. म्हणाली, "आत्या, आजी कशी करायची?" दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एवढंच. मी एकदा घाईत दाखवलं. ती लावायला लागली. तिची एक जोडी होईस्तोवर माझ्या दहा. ऊन चढलं, टोपली सरेना, आणि भाऊ लांब सावलीत उभा राहून मोबाईलवर तिचे फोटो काढतोय. माझं डोकं फिरलं. तिची सगळी रांग उतरवली आणि तिच्यासमोर नव्याने लावली. म्हटलं, "बस झालं. तुमचं फोटोपुरतं हाय. आमाला यावर जगायचं हाय."

तिने हात धुतले आणि गाडीत जाऊन बसली. आणखी दोन दिवस राहणार होते, ते दुसऱ्या दिवशीच वहिनीच्या माहेरी निघून गेले.

मी लहान असताना माझे बोंबील तर वाळूतच पडायचे. तू चापट मारायचीस, शिव्या घालायचीस, पण धुऊन पुन्हा माझ्याच हातात द्यायचीस. आणि शेजारणीला सांगायचीस, "ती रांग माझ्या पोरीची हाय." त्या दिवशी मी हे विसरले, असं लिहिणार होते. विसरले कसली, सगळं आठवत होतं.

परवा भावाचा फोन आला. पोरगी विचारतेय म्हणाला, तिने लावलेले पडत होते का, म्हणून काढले का. मी हो म्हटलं.

माझं चौथीचं अक्षर, आणि तुला तर सहीही येत नव्हती. म्हणूनच तुला लिहायला बरं. हा कागद सुक्या बोंबलांच्या डब्याखाली जाईल. आये, तिची एकही जोडी पडली नव्हती.